परसात आलेले पाखरू कोणते?

आमच्या घरामागे लहानसे परस आहे. एक शेवगा, एक पपई, कढीपत्त्याचे झुडूप आणि मेंदीचे कुंपण. न्हाणीचे पाणी अळवाला जाते. शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही तिथे दोन वस्तू मांडल्या. शेवग्याच्या सावलीत मातीचे पसरट परळ ठेवले, त्यात पाणी. आणि दोन दगडांवर एक जुनी फळी टाकली, तिच्यावर मूठभर बाजरी. आठ दिवस कोणी फिरकले नाही. नवव्या दिवशी एक चिमणी आली. ती गेली आणि आणखी चौघींना घेऊन आली. आता सकाळच्या वेळी तिथे आठवड्याचा बाजार भरतो म्हणा ना!

रात्रीच्या साक्षरता वर्गाला येणारी मंडळी कधी दिवसाही आमच्याकडे येतात. पडवीत बसून चहा घेताना कुणीतरी बोट दाखवते आणि विचारते, "गुरुजी, ते कोणतं पाखरू?" सुरुवातीला आम्ही "असेल साळुंकीच्या जातीचं" असे म्हणून वेळ मारून नेत होतो. मुलांना इतकी वर्षे शिकवले, पण दारातल्या पाखराचे नाव विचारले की आमची गाडी अडायची. मग आम्ही पुस्तके आणली, चष्मा पुसला आणि पडवीत बसून पाहू लागलो. जे कळले ते इथे सांगतो. यात एक चूक आमची स्वतःची आहे. तीही सांगणार आहोत.

आधी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. संध्याकाळी गावची गुरे रानातून परत येतात. धूळ उडालेली असते, उजेड कमी झालेला असतो. तरी तेवढ्या गुरांत तुमची गाय तुम्ही लांबूनच ओळखता. कशी ओळखता? तुम्ही म्हणाल, "ओळखू येते, त्यात काय विचारायचं!" पण जरा आठवून पाहा. आधी तिचा बांधा दिसतो. मग शिंगांची ठेवण, मग चाल. ती हंबरली तर पाहायचीही गरज नाही. रंग शेवटी.

पाखरेही अशीच ओळखायची. नवा माणूस आधी रंग पाहतो आणि तिथेच फसतो. काळे पाखरू उन्हात निळे चमकते. तपकिरी पाखरू सावलीत काळे दिसते. बऱ्याच जातींत नराचा रंग वेगळा, मादीचा वेगळा आणि पिलाचा तिसराच. म्हणून रंग मनात ठेवा, पण पहिला प्रश्न असा विचारा: पाखरू केवढे आहे?

त्यासाठी फूटपट्टी लागत नाही. तीन मापे तुमच्या घरीच आहेत. चिमणी, साळुंकी आणि कावळा. आलेले पाखरू चिमणीएवढे आहे, चिमणीहून मोठे पण साळुंकीहून लहान आहे, की साळुंकीहून मोठे पण कावळ्याहून लहान आहे? एवढे ठरले की अर्धे काम झाले. हे आमच्या डोक्यातून निघालेले नाही. डॉ. सालीम अली हे आपल्या देशातले पाखरांचे मोठे जाणकार होऊन गेले. १८९६ साली मुंबईत जन्मले, १९८७ साली वारले. त्यांनी १९४१ साली भारतातल्या पक्ष्यांवर जे पुस्तक काढले, त्यात पाखरांचा आकार असाच सांगितला आहे. चिमणीएवढे, बुलबुलाएवढे, मैनेएवढे, कबुतराएवढे, कावळ्याएवढे, असा.

सालीम अलींची सुरुवातही एका चिमणीपासूनच झाली. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. पाहतात तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. मामांना विचारले, त्यांनाही सांगता येईना. मामांनी त्यांना मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत पाठवले. ही संस्था १८८३ सालापासून आहे. तिथल्या साहेबाने चिमणीची जात सांगितली आणि कपाटे उघडून पेंढा भरलेली पाखरेही दाखवली. पोरगा जो पाखरांत रमला तो जन्मभर. "ही चिमणी वेगळी का?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

आता दुसरी खूण, चोच. सुताराच्या पेटीत पटाशी वेगळी, गिरमिट वेगळे, पक्कड वेगळी. जसे काम तसे हत्यार. दाणा फोडणाऱ्या पाखराची चोच आखूड आणि जाड असते. चिमणी, मुनिया, सुगरण पाहा. किडे टिपणाऱ्याची बारीक आणि टोकदार असते. शिंपी पाहा, दयाळ पाहा. फुलातला मध पिणाऱ्या शिंजीराची चोच लांब, बारीक, खाली वाकलेली. पोपटाची चोच आकड्यासारखी, कठीण फळ फोडायला. शिक्रा मांस खातो, त्याचीही आकडेदार, पण टोकाला धार. चोच पाहिली की ते पाखरू तुमच्या फळीवर का आले हेही कळते. शिंपी बाजरीला कधी तोंड लावणार नाही. तो फळीजवळच्या मुंग्यांसाठी येतो.

तिसरी खूण चालीची. चिमणी दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते. साळुंकी पाटलासारखी एकेक पाय टाकत चालते. होला मान पुढेमागे करत चालतो. धोबी तुरुतुरु धावतो, थांबतो आणि शेपूट वरखाली आपटतो. कपडे आपटल्यासारखे दिसते, म्हणून तर तो धोबी.

आणि परळावर एक गंमत आम्ही बसल्या बसल्या पाहिली. बहुतेक पाखरे चोचीत पाणी घेतात, मान वर करतात आणि घोट खाली सोडतात. होला आणि पारवा तसे करत नाहीत. ते चोच पाण्यात बुडवतात आणि मान वर न करता बैलासारखे ओढून पितात. चष्मा नसला आणि रंग दिसत नसला तरी पाणी पिण्यावरून होला ओळखता येतो. तुमच्या दारी आजच पाहा.

आता फळीवर येणाऱ्यांपैकी काही सांगतो. सगळी सांगत बसलो तर हे पुस्तक संपायचे नाही.

चिमणी सगळ्यांना माहीत. पण चिमणा आणि चिमणी वेगळी ओळखता का? चिमण्याच्या गळ्याखाली काळा डाग असतो, डोके राखी आणि डोळ्यामागे विटकरी पट्टा. चिमणी साधी, मातकट, डोळ्यावर फिकट रेघ. चिमण्या धुळीत लोळल्या की पाऊस येणार असे आपण म्हणतो. पाऊस येवो न येवो, धुळीत लोळून त्या पिसांतल्या उवा-पिसवा काढतात. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिलांना किडे-अळ्या भरवते. त्या अळ्या तुमच्या वालावरच्या आणि वांग्यावरच्या असतात, हे ध्यानात घ्या. पूर्वी घराला वासे, वळचण, भिंतीत कोनाडे. चिमणीला घर बांधायला जागाच जागा. आता सिमेंटची घरे झाली. आमचेही तसलेच. एकही भोक नाही. म्हणून आम्ही पडवीच्या आढ्याला एक फुटके मडके आडवे बांधले. त्यात दोन वर्षे काही नाही, तिसऱ्या वर्षी जोडपे राहायला आले.

साळुंकी तपकिरी, डोळ्याभोवती पिवळी कातडी, चोच आणि पायही पिवळे. उडाली की पंखात पांढरा पट्टा चमकतो. तिच्यापेक्षा थोडी लहान, डोक्यावर काळे लांब केस चापून मागे बसवल्यासारखी दिसली तर ती भांगपाडी मैना. हे नाव ठेवणाऱ्या माणसाचे आम्हाला मोठे कौतुक वाटते. थंडीत शाळू हुरड्याला आला की शेतात थव्याने उतरतात त्या भोरड्या. त्याही मैनेच्याच जातीच्या. अंग गुलाबी, डोके आणि पंख काळे. माळ्यावर उभे राहून गोफण फिरवून आपण त्यांना हाकलतो. त्या फार लांबून, हिमालयापलीकडच्या मुलखातून हिवाळ्यापुरत्या येतात. कणसे खातात हे खरे. पण टोळ आणि नाकतोडेही खातात. त्यांना परसाची गोडी नाही, म्हणून पुढे जातो.

बुलबुल म्हटले की लोकांना वाटते काहीतरी राजेशाही पाखरू असणार. अहो, तो तुमच्या मेंदीच्या कुंपणातच घरटे करतो. डोके काळे, किंचित तुरा, अंग मातकट आणि शेपटीच्या बुडाशी खाली लाल डाग. म्हणून लालबुड्या. डोक्यावर उंच टोकदार तुरा आणि गालावर लाल ठिपका असेल तर तो शिपाई बुलबुल. दोघेही फळांवर येतात. फळीवर पिकल्या केळ्याचा तुकडा ठेवून पाहा.

सातभाई एकटे कधी येत नाहीत. कधी पाच, कधी दहा. मळक्या रंगाचे, भांडल्यासारखा कलकलाट करत पालापाचोळा उलथतात. पण त्यांचा कलकलाट एकाएकी वाढला आणि सगळे एकाच झुडपाकडे तोंड करून ओरडू लागले, तर तिथे हात घालू नका. मांजर असेल, नाहीतर सापही असेल. आमच्या कढीपत्त्याखाली एकदा धामण निघाली, ती सातभाईंनीच दाखवली.

कावळे दोन. मान राखाडी तो गावकावळा. सगळा काळाभोर आणि चोच जाड तो डोमकावळा. पिंडाला दोघेही शिवतात. पोपटात गळ्याला गुलाबी-काळा कंठ असतो तो नर. मादीला कंठ नसतो. पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. गावात अजून दोन-तीन पिंजरे टांगलेले आम्हाला दिसतात. ज्यांचे आहेत त्यांनी हे वाचले तर बरे.

आता आमच्या चुकीकडे येतो.

गेल्या वर्षी चैत्रात वर्गाला एक काम दिले होते. प्रत्येकाने घराजवळ दिसलेल्या कोणत्याही एका पाखराबद्दल आपल्या मनाने दोन ओळी लिहायच्या. फळ्यावरून उतरवायचे नाही. मंडळी घाबरली. उतरवणे सोपे, मनाने लिहिणे अवघड. वर्गात एक मावशी आहेत, आमच्याहून चार-सहा वर्षांनी मोठ्या. त्यांना सही यायला तीन महिने लागले होते. त्यांनी पहिल्यांदाच आपल्या मनाने लिहून वही पुढे केली. लिहिले होते: "कोकीळ काळा तो कूहू करतो. त्याची बायको ठीपक्याची. ती कीक कीक करते."

आम्ही लाल पेन घेतले. 'कीक'चे 'किक' केले, 'कूहू'चे 'कुहू' केले, 'ठीपक्याची'चे 'ठिपक्याची' केले. आणि मग सगळ्या मजकुरावर फुली मारली. वर म्हणालो, "मावशी, गाते ती कोकिळा. मादी. लहान पोरालाही ठाऊक आहे. आणि ठिपक्यांचं पाखरू दुसरंच काहीतरी असेल." मावशी वही घेऊन जागेवर बसल्या. काही बोलल्या नाहीत. पुढचे दोन दिवस वर्गाला आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही भल्या पहाटे परसात गेलो होतो. शेवग्यावर 'कुहू' सुरू झाले. उजाडू लागले होते. पाहतो तर एक काळे कुळकुळीत पाखरू. कावळ्याहून लहान आणि सडपातळ, शेपूट लांब, चोच हिरवट, डोळे लालभडक. त्याचा गळा फुगत होता आणि आवाज त्याच्याच चोचीतून येत होता. एवढ्यात पपईच्या झाडावर दुसरे पाखरू बसले. तेवढेच मोठे, डोळे तसेच लाल. पण अंग तपकिरी आणि त्यावर पांढरे ठिपके, शेपटीवर आडवे पट्टे. काळा कोकीळ तिच्याकडे झेपावला तशी ती 'किक्-किक्-किक्' करत उडाली.

आम्ही घरात येऊन पुस्तक उघडले. त्यात मावशींनी लिहिले तेच लिहिलेले. कुहूकुहू करतो तो नर. मादी ठिपक्यांची, ती 'किक्-किक्' असा आवाज काढते. पुस्तक आमच्याकडे वर्षभर होते. ते पान उघडायची आम्हाला गरज वाटली नव्हती, कारण आम्हाला "माहीत" होते. जन्मभर मुलांना आम्ही "कोकिळा गाते" असेच शिकवत आलो.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही मावशींच्या घरी गेलो. त्या शेण सारवत होत्या. आम्ही म्हणालो, "मावशी, वही द्या. तुमचं बरोबर होतं, आमचं चुकलं." त्या हात धुऊन आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, मी काय शिकलेली न्हाई. पण माझ्या पपईवर ती दोघं रोज येत्यात. मी काय डोळे मिटून बसत्ये व्हय?" लाल शाईची फुली काही पुसली जात नाही. आम्ही तिच्या शेजारी 'बरोबर' असे लिहिले आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी त्या वर्गाला आल्या.

मग आम्ही त्यांनाच विचारले, की ठिपक्यांची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते ते कधी पाहिले का? अंडी घालताना पाहिले नव्हते. पण कावळीण ठिपक्यांच्या पिलाला भरवते ते पाहिले होते. "परक्याचं लेकरू हाय, ते तिला कळत न्हाई," त्या म्हणाल्या. अगदी खरे. कोकीळ आपले घरटे बांधतच नाही. मादी कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, कावळा ते उबवतो आणि पिलाला मोठे करतो.

असाच घोळ सुगरणीचा आहे. बाभळीला, विहिरीच्या काठच्या झाडांना दुधी भोपळ्यासारखी लोंबणारी घरटी तुम्ही पाहिलीच असतील. गवताच्या पात्या चोचीने चिरून, गाठी मारून विणलेली. असे घर विणणारी ती सुगरण, असे आपण बाईचे नाव तिला दिले. बहिणाबाई चौधरींनी तिच्या खोप्यावर गाणे केले, ते तुम्ही ऐकले असेल. बहिणाबाईंनाही लिहिता-वाचता येत नव्हते, पण पाहता येत होते. आता खरी गोष्ट ऐका. घरटे विणतो तो नर. अर्धे झाले की तो त्यावर बसून पंख फडफडवतो. माद्या येऊन पाहतात. पसंत पडले तर मादी राहते आणि तो उरलेले पुरे करतो. पसंत नाही पडले तर त्याची मेहनत वाया. आम्ही हे वर्गात सांगितले तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पुरुष मंडळी गप्प होती.

सुगरणीच्या बाबतीत ओळखण्याची एक अडचण आहे. नराचे डोके आणि छाती हळदीसारखी पिवळी होते ती पावसाळ्यात, घरटी बांधायच्या दिवसांत. एरवी नर-मादी दोघेही चिमणीसारखे मातकट दिसतात. हिवाळ्यात फळीवर आलेली "चिमणी" जास्त जाड चोचीची आणि अंगावर गडद रेघांची असेल, तर ती सुगरण असू शकते. तिथे घाईने नाव सांगू नका.

घाईने आणखी एक प्रकार घडला. वर्गातला एक तरुण शेतकरी एका सकाळी धावत आला, हातात दगड. "गुरुजी, शिक्रा बसलाय, माझी कोंबडीची पिल्लं नेणार." आम्ही पाहिले. पाठ राखी, छातीवर आडव्या रेघा, डोळा पिवळा. दिसायला शिक्राच. पण चोच पाहिली, तर आकड्यासारखी नव्हती, सरळ होती. तेवढ्यात त्याने तोंड उघडले आणि 'पेरते व्हा, पेरते व्हा' सुरू झाले. तो पावशा होता. मृगाच्या आधी ज्याची तुम्ही वाट पाहता तोच. तो सुरवंट खातो, कोंबडीच्या पिलांना हात लावत नाही. चिमण्या मात्र त्याला पाहून घाबरतात, आपण फसतो तशाच त्याही फसतात. तरुणाने दगड खाली टाकला. "आवाज जन्मभर ऐकला, तोंड आज बघितलं," म्हणाला.

ज्यांना परसात अशी सोय करायची असेल त्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पाणी दोन बोटे खोल असू द्या, जास्त नको. लहान पाखरे बुडतात. पाणी रोज बदला आणि परळ काथ्याने घासून काढा, नाहीतर आठवड्याच्या आत डासांच्या अळ्या होतात. परळ झुडपापासून सहा-सात हात दूर ठेवा. अगदी जवळ ठेवले की मांजर दबा धरते. दाणे मूठभरच टाका. रात्री दाणे उरले की उंदीर येतात आणि उंदरामागे साप येतो. बाजरी, ज्वारी, तांदळाची कणी चालते. मिठाचे, तळलेले काही नको. आणि पेरणीचे उरलेले बियाणे, गुलाबी किंवा हिरवे औषध लावलेले, ते तर मुळीच टाकू नका. ते विष आहे. पाखरे मरतील आणि ती खाणारे मांजरही मरेल.

परसात एकाच वेळी अनेक पाखरे मरून पडलेली दिसली तर हाताने उचलू नका. मुलांना दूर ठेवा आणि जनावरांच्या दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा रोग निघाला होता, आपल्या देशात पहिल्यांदा. पक्षी रोगाने मेला की विषाने हे आपल्याला नुसते पाहून कळत नाही.

आता वहीविषयी. दर वर्षी फेब्रुवारी महिन्यात चार दिवस जगभरचे लोक आपापल्या अंगणातली पाखरे मोजतात. १९९८ साली हे अमेरिकेत सुरू झाले. २०१३ पासून आपल्या देशातले लोकही त्यात आहेत. निदान पंधरा मिनिटे एका जागी बसायचे. कोणती पाखरे आली आणि प्रत्येक जातीची किती आली ते लिहायचे. मग ते मोबाईलवरून पाठवायचे. कोणते पाखरू कुठे वाढले, कुठे कमी झाले, हे अशा लाखो यादींवरून जाणकार ताडून पाहतात. शास्त्रज्ञ प्रत्येक गावात येऊन बसू शकत नाही. तुम्ही तर तिथेच राहता.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या वर्गाने ते केले. सात घरे, सात परसे. मोबाईलचे काम आमच्या नातवाने केले, लिहिण्याचे ज्याचे त्याने. एकाने "चिमण्या १००" लिहिले. खोदून विचारले तर म्हणाला, "लई होत्या, म्हणून." त्याला परत मोजायला बसवले. बावीस निघाल्या. मावशींच्या यादीत अकरा जाती होत्या, आमच्या यादीत नऊ. त्यांना भारद्वाज दिसला होता. तपकिरी पंखांचा, लाल डोळ्यांचा, कुंपणाच्या बुडाशी चालणारा. त्याचे दर्शन शुभ मानतात. आम्ही शेजारच्याच आळीत राहतो, पण आमच्याकडे तो काही आला नाही.

थंडी सुरू झाली की उत्तरेकडचे पाहुणे येतात. सगळ्यांत आधी धोबी. पावसाळा सरता सरता येतो आणि उन्हाळा लागला की जातो. परवा मावशींनी वही दाखवायला आणली. शेवटची नोंद अशी होती: "परळावर आज नवा. चीमणी येवढा पण बारीक. पोट पीवळं. शेपूट हालवतो. धोबी काय?"

धोबीच. आम्ही 'चिमणी' आणि 'पिवळं' ऱ्हस्व केले. 'येवढा' तसाच राहू दिला. शेजारी तारीख घालायला सांगितली, कारण तो गेल्या वर्षी कधी आला होता ते आम्ही दोघांनीही लिहून ठेवले नव्हते.